आप्पांच्या खोलीतला वास

माझ्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुली. दोन पोरी एकदम रडायला लागल्या की घरातले सगळे हात कमी पडतात, म्हणून माझी बायको दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेली आणि मी घरी एकटा राहिलो. चहा माझा मला करता येतो, भातही जमतो. पण माझ्या धंद्यातलं एक काम तिच्याशिवाय होत नसे. ते पुढे येईलच.

मी नळकाम करणारा. तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो. गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून नवीन इमारतींची कामं सोडली होती. पण एखाद्या घरात वास मारतोय आणि कुठून ते कुणालाच सापडत नाही, असं झालं की लोक मला बोलावत.

सकाळी आठला फोन आला. बाईचा आवाज.

"मिस्त्री का? आज यायला जमेल? आजच. चारच्या आत."

"चारला काय आहे?"

"गाडी येणार आहे," असं म्हणून तिने पत्ता सांगितला. मला वाटलं, पाहुणे येणार असतील. पाहुण्यांच्या आधी वास घालवायचा असतो, असे फोन पुष्कळ येतात.

घर गल्लीच्या टोकाला, दोन मजली, जुनं. वरचा मजला नंतर चढवलेला, ते विटांच्या रंगावरून कळत होतं. दार बाजूच्या बोळातून. मागे छोटं परसू, तिथे पत्रे, मोडकी खाट, रिकामे डबे भिंतीला टेकवून ठेवलेले. गल्ली बघितल्यासारखी वाटली. पण चाळीस वर्षं ह्या गावात नळ जोडतोय, सगळ्याच गल्ल्या बघितल्यासारख्या वाटतात.

दार सुनेने उघडलं. तिशीची, हाताची कातडी साबणाने सोललेली. तिच्या मागे तिचा नवरा, हातात कागदांची फाइल. आणि त्या दोघांच्या मागून वास. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच तो नाकात शिरला.

"तुम्ही मोरी बघा, संडास बघा, सगळं बघा," सून म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण खरं सांगू का, मिस्त्री? वास कशाचा आहे ते आम्हाला माहीत आहे."

"मग मला कशाला बोलावलंत?"

तिने काही सांगायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. म्हातारा, पण खणखणीत. "वास माझा नाही! मिस्त्री आला असेल तर त्याला इकडे पाठवा. आधी माझं ऐकू दे."

मुलाने कपाळाला हात लावला. "जा, ऐका. सहा महिने आम्ही ऐकतोय."

आप्पा खाटेवर उशांना टेकून बसले होते. पाय पांघरुणाखाली, हलत नव्हते ते दिसतच होतं. खाटेशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा बसवलेला, धरून उठता यावं म्हणून. खोली स्वच्छ होती, इतकी स्वच्छ की फरशीला फिनेल, चादरीला साबण, खिडकीत अगरबत्ती. आणि त्या सगळ्याच्या वर तो वास.

"मी चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात कंपाउंडर होतो," आप्पा म्हणाले. "बाटलीवरची चिठ्ठी पुसली गेली की मालक बाटली माझ्या नाकाखाली धरायचा. एकदाही चुकलो नाही. माणूस घाण करतो तेव्हा एक वास येतो, तो मला ठाऊक आहे, मी रोज करतोच आहे. हा तो नाही. ह्यात गंधक आहे. सडकं अंडं. हा गटाराचा वास आहे. हे सांगितलं तर म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला."

"डोकं दुखतं?"

"सकाळी जास्त. मळमळतं. डॉक्टर म्हणतो, वय झालं."

ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. "तुमचा आवाज कुठे तरी ऐकलाय मी."

"नळवाल्याचा आवाज सगळीकडे सारखाच, आप्पा. वायसर बदलायला लागेल, असं म्हणणारा."

ते हसले. बाहेर आलो तेव्हा मुलगा मला दारापाशी घेऊन गेला.

"चारला गाडी येणार आहे, ती त्यांच्यासाठी," तो म्हणाला. "दोन तासांवर संस्था आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात. तिथे नर्स आहे, सगळं आहे. मी वाईट मुलगा नाही, मिस्त्री. पण घरात जेवण जात नाही. कुणी दारात उभं राहत नाही. ही दिवसातून तीनदा चादरी धुते. वास सुरू झाला तो त्यांचे पाय गेले त्याच महिन्यात. आता ह्याला काय म्हणायचं?"

"आणि ते तयार झाले जायला?"

"म्हणाले, वास माझा आहे हे कुणी सिद्ध केलं तर मी आपल्या पायांनी जाईन." त्याने मान फिरवली. "पाय गेलेत हे विसरून बोलले. मग म्हणाले, मिस्त्रीला बोलावा. त्याला काही सापडलं नाही तर एक अक्षर न बोलता गाडीत बसतो. मी शब्द दिला. तुम्हाला सापडलं तर गाडी परत. नाही सापडलं तर चारला निघायचं."

म्हणजे त्या म्हाताऱ्याचं घर माझ्या पिशवीवर टांगलेलं होतं. मी घड्याळ बघितलं. साडेनऊ.

घरात गटाराचा वास येतो तो बहुतेक वेळा साध्या कारणाने. प्रत्येक मोरीच्या, बेसिनच्या, संडासाच्या खाली पाइप वाकवलेला असतो आणि त्या वाकणात पाणी अडून राहतं. ते अडलेलं पाणी म्हणजे झाकण. पाणी सुकलं की झाकण गेलं, मग गटाराची हवा सरळ घरात. मी वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. वरची मोरी कुणी वापरत नव्हतं, जाळीखाली पाणी खडखडीत सुकलेलं.

"हे बघा!" मी सुनेला हाक मारली. मला वाटलं, तासाभरात सुटलो. दोन बादल्या ओतल्या, खिडक्या उघडल्या, अर्धा तास थांबलो. वरचा वास गेला. खालचा होता तसाच.

मग स्वयंपाकघरातलं बेसिन. खालचा वाकडा पाइप सोडवला, त्यात केस, साबण, एक चमचा. धुऊन परत लावला. संडासाच्या भांड्याच्या बुडाशी सिमेंट सुटलंय का ते ओल्या फडक्याने पुसून बघितलं. खालची मोरी. कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप. बाहेरचं चेंबर उघडून पाणी नीट वाहतंय का बघितलं. एकेक दोष सापडत होता, मी तो बुजवत होतो, आणि प्रत्येक वेळी सून आप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहत होती आणि परत येऊन मान हलवत होती.

साडेबारा झाले. मुलाने ताट वाढायचं का विचारलं. मी नको म्हटलं.

"मिस्त्री, तुम्ही प्रामाणिकपणे बघितलंत," तो म्हणाला. "आम्हाला कळतंय. आता तसं आप्पांना सांगा म्हणजे झालं."

"अजून एक परीक्षा आहे," मी म्हणालो. "पण तिला माझं नाक लागतं आणि ते गावाला गेलंय."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. म्हाताऱ्याबरोबर मिस्त्रीही भ्रमिष्ट झाला, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

त्या परीक्षेची रीत अशी. घराच्या गच्चीवर, मैल्याच्या उभ्या पाइपाचं तोंड हवेसाठी उघडं असतं. त्यात पेपरमिंटचं तेल ओतायचं, वरून कडकडीत पाण्याची बादली, आणि तोंड फडक्याने घट्ट बंद करायचं. वाफ सगळ्या पाइपांतून फिरते. घराची दारं-खिडक्या आधीच लावून घ्यायची. मग घरात जिथे पेपरमिंटचा वास येईल तिथे भोक. पण ह्यात एक अट आहे आणि ती कुणी मोडली की सगळं वाया. ज्याने तेल ओतलं त्याने घरात पाय टाकायचा नाही. कितीही जपा, त्याच्या हाताला, बाह्यांना, श्वासालासुद्धा तो वास लागतो; तो आत आला की सगळ्या घराला भोक पडल्यासारखं होतं. तरुणपणी मी एकदा बाटली खिशात ठेवून आत गेलो होतो आणि एका भल्या माणसाची चांगली मोरी फोडली होती. तेव्हापासून बाटली फाटकाच्या आत येत नाही. कुणाच्याही घरी गेलो की ती बाहेरच खिळ्याला टांगून ठेवतो. आणि वीस वर्षं ओतणारा मी, आणि हुंगणारी माझी बायको.

मी तिला फोन लावला. मागे दोन्ही पोरी एका सुरात रडत होत्या.

"नाक इथे आहे आणि दोन्ही काखांत एकेक पोर आहे," ती म्हणाली. "बोला लवकर."

मी सगळं सांगितलं.

"घरातल्यांची नाकं मेलेली असतील," ती म्हणाली. "सहा महिने त्या वासात राहिलीत. आधी त्यांना मोकळ्यावर बसवा, चांगला पाव तास. मग आत सोडा. खालून हुंगायचं, फरशीपासून वर. घाई करायची नाही आणि एकमेकांशी बोलायचं नाही. एकाला आला म्हटलं की दुसऱ्याला उगीच यायला लागतो. आणि तुम्ही खिडकीतून सूचना करू नका. तुम्हाला गप्प बसता येत नाही."

"मी कधी..."

"हेच. ठेवते." तिने ठेवला.

"कोण हुंगणार?" मी त्या दोघांना विचारलं.

"मी!" आतून आवाज आला.

मुलगा हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "बघा. आणि कुठल्या खोलीचं नाव घेतील ते मी आत्ताच चिठ्ठीवर लिहून देतो."

"घेऊ दे," मी म्हणालो. "पण त्यांच्या मागून तुमच्यातलं एक जण हुंगेल. दोघांचं जुळलं तर खरं."

मुलाने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मी हुंगते."

त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला हे चालणार होतं. आप्पा गेले की सगळ्यात जास्त सुटणार ती. तिच्या नाकावर त्याचा भरवसा होता.

दोनला आप्पांना लाकडी खुर्चीत बसवून दोघांनी उचलून बोळात आणलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते घराबाहेर आले होते. उन्हात डोळे मिचकावत होते. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली.

"काय आप्पा, निघालात?" तिने विचारलं. म्हणजे गल्लीला माहीत होतं.

"हवा खायला आलोय," आप्पा म्हणाले. "तुमच्या कपड्यांना निळीचा डाग पडलाय, उजवीकडून तिसरा."

सून तोंडावर पदर धरून हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मी फाटकाबाहेरून बाटली आणली, बाहेरच्या जिन्याने गच्चीवर गेलो. झाकण उघडलं तेव्हा वाऱ्यावर वास खाली गेला असणार, कारण बोळातून आप्पांचा आवाज आला, "पेपरमिंट! जुनी बाटली आहे, मिस्त्री. तळाला आलीय."

सगळी ओतली. वरून सुनेने जिन्यात ठेवलेली उकळत्या पाण्याची बादली. फडका कोंबला आणि खाली येऊन, बोळ टाळून, मागच्या परसात गेलो. तिथून आप्पांच्या खोलीची खिडकी दिसते. काच बंद, आतलं दिसतं, ऐकू येत नाही. दोन पन्नास.

बसायला काही हवं म्हणून मी भिंतीला टेकवलेला एक पत्रा बाजूला सरकवला. त्याच्या मागे मोडकी खाट. खाटेच्या मागे भिंत. आणि भिंतीला लागून मैल्याचा उभा बिडाचा पाइप, त्याला माझ्या कमरेच्याही खाली एक फांदी फुटलेली, आणि ती फांदी सरळ भिंतीत गेलेली.

भिंतीच्या पलीकडे आप्पांची खोली. तिथे ना बेसिन, ना मोरी.

मी वाकलो. जुन्या काळी बिडाच्या पाइपांचे सांधे वितळलेल्या शिशाने भरत आणि वरून छिन्नीने ठोकून बसवत. प्रत्येकाच्या ठोक्याची धाटणी वेगळी. मी तीन ठोके जवळ मारून चौथा लांब मारत असे. माझा हात तसाच पडायचा. त्या सांध्यावर शिसं काळं पडलं होतं, पण मी बोटाने पुसलं आणि मोजलं. तीन जवळ, एक लांब. तीन जवळ, एक लांब. सबंध वेढा तसाच.

मी त्या मोडक्या खाटेवर बसलो.

एकतीस वर्षं झाली होती. तेव्हा घर बैठं होतं, दार गल्लीतून होतं, आणि ही खोली म्हणजे न्हाणीघर होतं. घरच्या बाईला दिवस गेले होते. बाळासाठी, म्हणजे ह्याच मुलासाठी, खोली हवी म्हणून न्हाणीघर बुजवायचं होतं. नळ आणि बेसिन काढले, पाइपाचं तोंड भिंतीत उघडं राहिलं. त्याला बिडाचं झाकण बसवून शिशाने बंद करायचं होतं, पण त्या दिवशी झाकण मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी आईला झटका आल्याचा निरोप आला आणि मी गावी गेलो. जाताना आमच्यात जी रीत होती ती केली: माझ्या जुन्या सदऱ्याची बाही फाडून तोंडात कोंबली आणि अर्धी बाहेर लोंबती ठेवली. लोंबती चिंधी म्हणजे काम अपुरं आहे, गवंड्याने हात लावायचा नाही. सगळ्या गवंड्यांना माहीत. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, नाही तर कोळशाने भिंतीवर दोन शब्द लिहिले असते. अक्षरं मी पन्नाशीत शिकलो.

नऊ दिवसांनी परत आलो तर भिंत गुळगुळीत, रंगसुद्धा दिलेला. मोठा गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला. त्याचा मेव्हणा प्लास्टर करून गेला होता, नांगर सोडून महिन्यापूर्वी थापी धरलेला. मी मनाला सांगितलं, झाकण त्यांनीच आणून बसवलं असेल. गवंडी कधी शिसं ओततो का? हे मला तेव्हाही माहीत होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भिंत फोडायला लागली असती.

आणि आता ती चिंधी एकतीस वर्षांनी कुजली होती. सहा महिन्यांपूर्वी आप्पांचे पाय गेले, त्यांना धरायला भिंतीत दांडा बसवला. दांड्याचे खिळे मारायला भिंतीला भोकं पाडली ती नेमकी त्या तोंडावर. पाय गेले त्याच महिन्यात वास सुरू झाला. मुलाचं गणित बरोबर होतं, फक्त उत्तर चुकलं होतं.

खोटं कशाला लिहू? मी तिथे बसून विचार केला की गप्प राहावं. त्या दोघांनी हुंगून सापडवलं तर भिंत उघडेल, चिंधी निघेल, ती कुणाची हे कोण विचारणार? चाळीस वर्षांचं माझं नाव होतं. वास शोधणारा म्हणून लोक मला बोलावत. वास पेरणारा म्हणून कुणी बोलावलं नसतं.

काचेपलीकडे हालचाल झाली. आप्पांची खुर्ची आत आली. आधी स्वयंपाकघर, मोरी, संडास झालं असणार. आप्पांनी मान खाली घातली, खुर्ची हळूहळू भिंतीकडे न्यायला लावली. फरशीपासून वर. दांड्यापाशी येऊन ते थांबले. डोळे मिटले. मग दांड्याच्या खालच्या खिळ्यावर बोट ठेवलं.

मुलाने दोन्ही हात हवेत उडवले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण कळलं.

मग सून गुडघ्यांवर बसली. नाक खिळ्याला लावलं. बराच वेळ ती तशीच होती. मग पाठ ताठ करून नुसती बसली, आमच्या दोघांमधल्या भिंतीकडे बघत. तिने नाही म्हटलं असतं तर मुलगा तिचंच धरणार होता, आणि तिला नाही म्हणायला सहा महिन्यांच्या चादरी होत्या.

ती उठली. खिडकीशी आली. काचेतून माझ्याकडे बघितलं. आणि कडी काढली.

"मिस्त्री, इथे आहे," ती म्हणाली. "गोळ्या चघळल्यासारखा येतोय." मग तिचा आवाज फाटला. "मला वाटायचं, मीच नीट धूत नाही."

"तुला भास झालाय," मुलगा मागून म्हणाला. "सबंध घरालाच पेपरमिंट लागलंय. मिस्त्रींनी गच्चीत ओतलं, वारा आत आला..."

"खिडक्या बंद होत्या," ती म्हणाली.

तेवढ्यात बोळात गाडीचा भोंगा वाजला. तीन पस्तीस. गाडी लवकर आली होती. मुलगा दाराकडे वळला, मग परत. त्याच्या तोंडावर घाम होता. "हे बघा, मिस्त्री. एका वासावरून मी भिंत फोडणार नाही. आत काहीच निघालं नाही तर? भिंतही गेली, संस्थेतली जागाही गेली. ह्या खोलीत कधीच नळ नव्हता. आत काय असणार?"

"तीन इंची बिडाचं तोंड," मी म्हणालो. "खालच्या खिळ्याच्या मागे, चार बोटं आत. त्यात सदऱ्याची बाही कोंबलेली आहे. बाहीला पितळी टिचबटण आहे."

"तुम्हाला कसं माहीत?" मुलाने विचारलं.

"सदरा माझा होता."

मी खिडकीबाहेर उभा राहून सगळं सांगितलं. आत जाता येत नव्हतं, हाताला तेल होतं. त्यामुळे गुन्हेगारासारखं बाहेरूनच सांगावं लागलं. झाकण मिळालं नाही, आई, चिंधी, आणि परत आल्यावर मी विचारलं नाही ते. सांगताना आप्पांकडे बघायचं टाळत होतो.

"आवाज ऐकला होता म्हटलं ना मी," आप्पा म्हणाले. "न्हाणीघराचा पाइप तेव्हाच बंद झाला, असं मी धरून चाललो होतो."

बाहेर ड्रायव्हरने परत भोंगा वाजवला. मुलगा जाऊन त्याला थांबायला सांगून आला. मग माझ्या पिशवीतली छिन्नी-हातोडी त्याने स्वतः उचलली. मी खिडकीतून दाखवत होतो, इथे नको, जरा डावीकडे, हळू. बायकोने बजावलेलं सगळं विसरून. दांडा निघाला. प्लास्टर पापडासारखं सुटलं. मग एक वीट. मग त्याने तोंड एकदम मागे घेतलं, कारण वास सरळ तोंडावर आला होता, आणि त्या वासात पेपरमिंट.

त्याने चिमटा आत घातला आणि ओढलं. काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा निघाला. जमिनीवर पडला तेव्हा टक् असा आवाज झाला. सुनेने पाणी ओतलं. हिरवं पडलेलं टिचबटण, बंद केलेलं. मी घाईत बाही बंद ठेवूनच फाडली होती.

मुलाने ते बोटांत फिरवून बघितलं. मग बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा, मागे घेतल्याचा, बोळातून बाहेर पडल्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला.

साबणाने, मातीने, शेवटी आप्पांनी सांगितलं तसं स्पिरिटने हात धुऊन मी संध्याकाळी आत गेलो आणि एकतीस वर्षं उशिरा ते झाकण बसवलं. आप्पा खाटेवरून बघत होते.

"शिसं नाही वापरत आता?" त्यांनी विचारलं.

"आता रबराचं येतं. पक्कं असतं."

"चिंधीपेक्षा?"

"आप्पा, मारा. पण असं बोलू नका."

"मारू कसा? दांडा तुम्ही काढायला लावलात, मी उठू कुणाला धरून?" ते म्हणाले, आणि मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुनेचा हात धरला. "ही नाही म्हणाली असती तर मी गेलो असतो. शब्द दिला होता."

सून म्हणाली, "मी चादर बदलते. उठा जरा." कारण चादर बदलायची वेळ झालीच होती. आप्पांचा स्वतःचा वास होता, तो राहिला. पण तो माणसाचा होता, धुतला की जात होता. सकाळचं डोकं दुखणं आठवड्यात थांबलं. मुलगा माझ्याशी पुढे वर्षभर बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. दांडा मात्र मी दुसऱ्या भिंतीत बसवून दिला, आधी भिंतीमागे काय आहे ते बघून.

बायको परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो सदरा मी शोधत होते. दोन दिवस."

आप्पा त्यानंतर दोन वर्षं जगले. आमची जुळी धावायला लागली त्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी, त्याच खोलीत, आपल्या खाटेवर ते वारले.